दिसतंय का?

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हाची माझी आठवण चित्राची नाही, आवाजाची आहे. तात्या कौलांवर चढलेत, अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून हळूहळू फिरवतायत आणि वरून ओरडतायत, "दिसतंय का?" अंगणात काका. ते ओटीवर उभ्या असलेल्या आईला विचारणार, आई आत टीव्हीसमोर बसलेल्या मला. मग माझं उत्तर त्याच वाटेने उलटं कौलांवर जायचं. "मुंग्या आहेत!"... "थोडं डावीकडे!"... "आलं, आलं!"... "गेलं!" मुळशी खोऱ्याला चहूबाजूंनी डोंगर आणि प्रक्षेपण सिंहगडावरून. एखादी डोंगराची सोंड मधे आली की बातम्या देणाऱ्या बाईंना दोन डोकी फुटायची.

त्या प्रश्नात एक सरळपणा होता. वरचा माणूस "सिग्नल येतोय का" असं विचारत नव्हता. "दिसतंय का" असं विचारत होता. सिग्नल येऊन दिसत नसेल तर त्याला काय करायचंय?

हे सगळं आठवायचं कारण यंदाच्या गणपतीत घडलेली एक गोष्ट. ती सांगतो आणि मग त्यावरचं माझं मत. (मत जरा लांबलंय, सांभाळून घ्या.)

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं गेल्या हिवाळ्यात झाली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी ते ओटीवर बसून समोरच्या डोंगराकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आभाळ इतकं निळं असतं होय रे?" डोळ्यातलं जुनं भिंग वर्षानुवर्षं पिवळट होत जातं, ते काढून नवं स्वच्छ भिंग बसवलं की निळा रंग एकदम उजळतो, असं डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. तात्या दोन आठवडे घरातल्या प्रत्येक वस्तूचा रंग नव्याने बघत होते. आईच्या जुन्या लुगड्याचासुद्धा.

त्या आनंदात मी पाडव्याला नवा टीव्ही घेतला. पन्नास इंची, तीस हजारांच्या आसपास. कोणत्या कंपनीचा आणि कुठल्या दुकानातून ते सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. खोक्यावर इंग्रजीत ठळक अक्षरात एचडीआर लिहिलेलं होतं. मी विचारलं, "हे खरंच आहे ना?" विक्रेता मुलगा म्हणाला, "हो सर, फुल सपोर्ट आहे." मीही मान डोलावली. डोळे नवे, टीव्ही नवा, चित्र झकास... आणखी काय पाहिजे?

नंतर मी कोथरूडला परत आलो. फोनवर तात्यांना विचारायचो, "टीव्ही कसा आहे?" ते म्हणायचे, "चांगला आहे." एवढंच.

पुढचं मला गणपतीत कळलं, तेही आईकडून. आषाढापासून तात्यांनी देवळातलं गुरुवारचं भजन बंद केलं होतं. चाळीसेक वर्षं पेटीवर बसणारा माणूस! कारण विचारलं तर "पाय दुखतात" म्हणायचे. मग श्रावणात एकदा कुणाला न सांगता सकाळच्या एसटीने पुण्याला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, वाचताय तेवढं वाचा. तात्यांनी घरी येऊन आईला हळूच सांगितलं, "खरं सांगत नाहीत. मला रात्रीचं दिसत नाही. सकाळी बातम्या स्वच्छ दिसतात, रात्री सिनेमा लावला की माणसांची तोंडंच दिसत नाहीत." रात्रीचं दिसत नाही म्हणजे रातांधळेपणा, म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं, म्हणजे अंधारात देवळाच्या पायऱ्या उतरणं नको. हा सगळा हिशेब त्यांनी मनातल्या मनात करून टाकला होता. पोरांना कशाला त्रास, म्हणून बोलले नाहीत.

गणपतीच्या तिसऱ्या रात्री सगळे जमलो होतो. कुठलीशी मालिका लावली, आणि मला स्वतःला काही दिसेना! जंगलातला प्रसंग, दोन माणसं कंदील घेऊन चाललेली. कंदील मळकट पिवळा, बाकी सगळा काळोख, तोही धड काळा नाही, राखाडी. मी चष्मा पुसला. माझा भाचा (इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे) शांतपणे म्हणाला, "मामा, एचडीआर बंद करायला पाहिजे." टीव्हीच्या मेन्यूत ते सापडेना. मग त्याने आपली टीव्हीला लावायची स्टिक आणली, तिच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद केलं आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. कंदील उजळला, दोन्ही माणसांची तोंडं दिसायला लागली, मागची झाडंसुद्धा.

तात्या खुर्चीतून पुढे वाकले. "अरे, दिसतंय की!" थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे माझे डोळे बरे आहेत?"

त्या प्रश्नाने मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. पण त्यानंतर हे प्रकरण नीट समजून घ्यायचं मी ठरवलं. टीव्हीत बिघाड असेल तर दुरुस्त करता आला असता. बिघाड नव्हताच. टीव्ही अगदी जसा बनवला तसाच चालत होता. खोक्यावरचं वाक्यही खोटं नव्हतं. मग चुकलं कुठे?

आधी एचडीआर म्हणजे काय ते थोडक्यात. हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे चित्रातल्या सगळ्यात काळ्या आणि सगळ्यात उजळ जागेतला पल्ला मोठा. आमच्याकडे श्रावणात मुळशीच्या जलाशयाकडे कधी बघितलंय? आभाळ गच्च, डोंगर जवळजवळ काळे, आणि मधेच ढगाला भोक पडून पाण्यावर उन्हाचा एक पट्टा येतो. तो पट्टा डोळ्यांना टोचतो, पण त्याच वेळी काळ्या डोंगरावरची झाडीही दिसत असते. हे एकाच चित्रात दाखवणं म्हणजे एचडीआर. साध्या चित्रात एक तर पट्टा नुसता पांढरा फटफटीत होतो, नाहीतर डोंगर डांबरासारखा.

पडद्याचा उजेड निट या एककात मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एका मेणबत्तीएवढी तीव्रता म्हणजे ढोबळमानाने एक निट. जुनं, नेहमीचं टीव्हीचं चित्र स्टुडिओत तयार करताना १०० निट्स ही कमाल मर्यादा धरतात. प्रत्यक्ष जगात निरांजनाच्या ज्योतीचा उजेडच काही हजार निट्स असतो. २०१४ साली नवी पद्धत प्रमाण झाली, तिच्यात १०,००० निट्सपर्यंतचा उजेड आकड्यांत लिहिता येतो. प्रत्यक्षात सिनेमे बहुधा १,००० किंवा ४,००० निट्सचा पडदा धरून तयार करतात. रंगांच्या पायऱ्याही वाढल्या. आधी प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा होत्या, आता १,०२४. सूर्यास्ताच्या आकाशात साध्या टीव्हीवर जे पट्टे पट्टे दिसतात ते म्हणून कमी व्हायला हवेत.

आता खरी गोम. जुन्या पद्धतीत सिग्नल सांगतो, "तुझा जेवढा कमाल उजेड आहे त्याच्या इतके टक्के इथे दाखव." म्हणून साधा टीव्ही ३०० निट्सचा असेल तर १०० निट्स धरून केलेलं चित्र तो खुशाल तिप्पट उजळ दाखवतो. तात्यांना सकाळच्या बातम्या स्वच्छ दिसायच्या त्या यामुळे. एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन ज्या पद्धतीवर चालतात तिच्यात सिग्नल नेमका आकडा सांगतो. इथे ५ निट्स, इथे ८०, त्या कंदिलात ९००. (बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने मिळून काढलेली एचएलजी ही पद्धत वेगळी, ती पुन्हा प्रमाणावर चालते.) आता ज्या टीव्हीची ताकदच २५०-३०० निट्सची, त्याने ९०० कुठून आणायचे? तो मग सगळं चित्र दाबून आपल्या डब्यात बसवायला बघतो. कंदील जळून पांढरा होऊ नये म्हणून बाकीचं सगळं खाली ढकलतो. चेहरे काळोखात जातात. मागचा दिवा आधीच पूर्ण ताकदीने पेटलेला असतो, त्यामुळे उजेड वाढवायचं बटण दाबूनही काही होत नाही.

दुसरी अडचण काळ्या रंगाची. आमच्या टीव्हीसारख्या एलसीडी पडद्यामागे दिवे असतात आणि स्वस्त टीव्हीत ते सगळे एकदमच कमी-जास्त होतात. कंदिलासाठी दिवे वाढवले की जंगलही उजळतं, म्हणून तो राखाडी काळोख. महागड्या एलसीडी टीव्हीत मागचे दिवे शेकडो भागांत वाटलेले असतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे मंद करता येतो. त्याला लोकल डिमिंग म्हणतात. ओएलईडीत तर प्रत्येक बिंदू स्वतःच पेटतो आणि विझतो. कंदील पेटलेला आणि त्याच्या शेजारचा बिंदू पूर्ण विझलेला, हे तिथे जमतं.

मग आमच्या टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर कशाच्या जोरावर लिहिलं? उत्तर "सपोर्ट" या शब्दात आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने "एचडीआरशी सुसंगत" पडदा कशाला म्हणायचं याची व्याख्या केली. त्या व्याख्येत काय आहे? एचडीआर सिग्नल घेणारी एक तरी एचडीएमआयची जागा हवी, त्या सिग्नलबरोबर येणारी माहिती वाचता आली पाहिजे, आणि तिच्यावर योग्य ती प्रक्रिया करून चित्र उमटवता आलं पाहिजे. पडदा किती उजळ हवा, काळा किती काळा हवा, याचा एकही आकडा नाही! म्हणजे सिग्नल घेता आला की झाला सपोर्ट.

पूर्वी गावात टपाल आलं की सही किंवा अंगठा करून पत्र कुणीही ताब्यात घ्यायचं. वाचता येणारे मोजके. पत्र ताब्यात घेणाऱ्याला कुणी साक्षर म्हणत नसे. आमचा टीव्ही अंगठा उठवून पत्र घेतो, आणि खोक्यावर मात्र साक्षर असल्याचं छापलेलं आहे.

आणखी एक दाखला घरचाच. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपण सुरू केलं, नोव्हेंबरात दिल्लीचं एशियाड रंगीत दिसलं. आमच्याकडे मात्र १९८८ ला महाभारत सुरू झालं तेव्हाही शटरचा ब्लॅक अँड व्हाइटच होता. रंगीत सिग्नलची रचनाच अशी की साध्या टीव्हीनेही तो घ्यावा आणि रंगाचा भाग सोडून बाकीचं चित्र दाखवावं. म्हणजे आजच्या भाषेत आमचा तो टीव्ही रंगीत प्रक्षेपणाला पूर्ण सपोर्ट करत होता! पण कुठल्याही कंपनीने त्याच्या खोक्यावर "रंगीत" छापलं नाही. छापलं असतं तर लोकांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. रंगाची हौस होती त्यांनी बाजारातून तो पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद आणून टीव्हीवर लावला. वर निळा, मधे नारिंगी, खाली हिरवा. कृष्णाचं कपाळ निळं, पोट नारिंगी, पाय हिरवे. :-) पण तो कागद आहे हे सगळ्यांना माहीत होतं. लावणाऱ्यालाही.

मग फरक कुठे पडला? रंग आहे की नाही हे डोळ्यांना लगेच कळतं. उजेडाच्या पल्ल्याचं तसं नाही. तो कमी पडला तर चित्र नुसतं अंधारं वाटतं, आणि माणूस आधी सेटिंगला दोष देतो, मग खोलीतल्या उजेडाला, आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांना. ज्या वस्तूचं उणेपण गिऱ्हाइकाला स्वतःचं उणेपण वाटू शकतं, तिच्या बाबतीत शब्द फार काळजीने वापरायला हवेत असं मला वाटतं. सगळ्या लेखाचा मुद्दा म्हणाल तर एवढाच.

आता दुसरी बाजू. ती मी स्वतःशीच बरीच घासून पाहिली.

पहिला आक्षेप असा की तीस हजारांत आणखी काय मिळणार? अगदी मान्य. हजार निट्स आणि शेकडो भागांचं लोकल डिमिंग या किमतीत मिळत नाही, मी मागतही नाही. चांगला साधा टीव्ही तीस हजारांना मिळत असेल तर तो साधा म्हणूनच विका. तात्यांना साधंच हवं होतं. स्वस्त वस्तू असण्याबद्दल माझी तक्रार नाही, महागड्या वस्तूचं नाव स्वस्त वस्तूला लावण्याबद्दल आहे.

दुसरा आक्षेप भाच्याचा. तो म्हणाला, "मामा, सपोर्टला काहीच अर्थ नाही असं नको. ज्या टीव्हीला एचडीआर कळतच नाही त्याला तसा व्हिडिओ जसाच्या तसा दिला तर चित्र धुतलेल्या कपड्यासारखं फिकं दिसतं. याला निदान भाषा कळते." हेही खरं. काही स्वस्त टीव्हींत रंगांचा पल्ला थोडा बरा असतो, तेवढा फायदा मिळतो. डॉल्बी व्हिजन किंवा एचडीआर१०+ असेल तर प्रसंगागणिक वेगळी सूचना सिग्नलबरोबर येते, त्यामुळे दुबळा टीव्हीही दाबादाब जरा शहाणपणाने करतो. पण सूचना कितीही चांगली असली तरी दिव्यात नसलेला उजेड ती कुठून आणणार?

तिसरा आक्षेप असा की याला मोजमाप लावणं अवघड आहे. हे मात्र मला पटत नाही. मोजमापं झालेली आहेत. २०१६ च्या जानेवारीत यूएचडी अलायन्स या संस्थेने "अल्ट्रा एचडी प्रीमियम" नावाची खूण काढली, तिच्यात स्पष्ट आकडे होते. एक तर कमाल उजेड १,००० निट्सहून जास्त आणि काळा ०.०५ निटहून कमी, किंवा उजेड ५४० निट्सहून जास्त आणि काळा ०.०००५ निटहून कमी. दुसरी जोडी ओएलईडीसाठी. उजेड कमी असला तरी काळा खरोखर काळा असेल तर पल्ला भरून निघतो, हे त्यात मान्य केलेलं. संगणकाच्या पडद्यांसाठी व्हेसा या संस्थेने २०१७ च्या डिसेंबरात ४००, ६००, १००० अशा आकड्यांच्या पायऱ्या केल्या. सगळ्यात खालच्या ४०० च्या पायरीवर जाणकारांनी बरीच टीका केली, पण निदान आकडा समोर आहे म्हणून टीका तरी करता आली. अडचण एवढीच की असल्या खुणा ऐच्छिक असतात. ज्याला आकडा दाखवायचा नाही तो खूण घेत नाही, नुसतं एचडीआर छापतो.

आपल्याकडे टीव्ही किती वीज खातो हे सांगायला बीईईचे तारे असतात. तात्या फ्रिज घेताना तारे मोजतात, आणि त्यांच्यासारखे लाखो लोक मोजत असतील. विजेसाठी तारे देता येतात तर उजेडासाठी एक आकडा का नाही? खोक्यावर एचडीआर या अक्षरांशेजारी, त्याच आकाराच्या टायपात, "कमाल उजेड इतके निट्स, लोकल डिमिंग आहे किंवा नाही". बस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची व्याख्या आहे, त्यासाठी २०२० पासून केंद्रीय प्राधिकरणही आहे. एचडीआर सपोर्ट हे शब्द त्या व्याख्येत बसतात की नाही ते वकील सांगतील. मला वाटतं, तिथवर जाण्याची वेळच येऊ नये. एक आकडा छापायला शाई ती किती लागते?

त्या विक्रेत्या मुलाबद्दल मला राग नाही. त्याने मला खोटं सांगितलं नाही, त्याला खोक्यावरचंच माहीत होतं. राग आला तो माझा मलाच. "सपोर्ट आहे" हे ऐकून मी त्याचा अर्थ "दिसेल" असा लावला. हा शब्द आपण हल्ली फार ऐकतो. अमुक योजनेला पाठिंबा आहे, तमुक सुविधा उपलब्ध आहे. मुळशीकरांना हे नवं नाही म्हणा. इथल्या धरणाच्या पाण्यावर १९२७ पासून खाली कोकणात भिऱ्याला वीज तयार होते आणि ती मुंबईकडे गेली. आमच्या वाडीवर पहिला बल्ब लागला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी, तात्यांना तो दिवस आठवतो. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात, इथे वर अंधारही होता. वीज जवळपास आहे आणि घरात दिवा लागलाय, या दोन गोष्टींतलं अंतर ज्याच्या वाट्याला आलंय त्याला सपोर्ट आणि दिसणं यांतलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. मला शहरात राहून त्याचा विसर पडला असावा.

तुमच्यापैकी कुणी दिवाळीत टीव्ही घेणार असाल (आणि पुतण्या-भाच्यांनो, विशेषतः आईबाबांसाठी घेणार असाल) तर माझ्या चुकीतून एवढं घ्या. "एचडीआर आहे का?" असं विचारू नका, उत्तर हो असंच येणार. "कमाल उजेड किती निट्स?" असं विचारा. आकडा सांगता आला नाही किंवा तीनशेच्या घरात असेल तर तो टीव्ही साधा समजून, साध्याच्या भावात पटत असेल तर घ्या. मग "लोकल डिमिंग आहे का, आणि किती भागांचं?" हे विचारा. ओएलईडी असेल तर हा प्रश्न नाही. आणि एखादा अंधाऱ्या प्रसंगाचा एचडीआर व्हिडिओ पेनड्राइव्हवर न्या, तो लावायला सांगा. दुकानातले टीव्ही भडक रंगांच्या डेमोवर लावलेले असतात. फुलं आणि पोपट सगळ्याच टीव्हींवर छान दिसतात! टीव्हीच्या कोपऱ्यात एचडीआर अशी पाटी उमटली तर त्याचा अर्थ सिग्नल पोचला एवढाच. चित्राबद्दल ती पाटी काही सांगत नाही.

आणि टीव्ही आधीच घरात असेल आणि रात्रीचे सिनेमे अंधारे दिसत असतील तर प्रथम वीजबचतीचं सेटिंग बंद करून बघा, उजेड ओळखून पडदा मंद करणारा सेन्सर असेल तर तोही. बाहेरून काही जोडलं असेल तर त्या एचडीएमआयचं सेटिंग बघा. तरीही तसंच असेल तर एचडीआर बंद करून तोच प्रसंग बघा. बंद केल्यावर जास्त बरं दिसलं तर बंदच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. चांगलं साधं चित्र हे वाईट एचडीआरपेक्षा केव्हाही चांगलं.

तात्यांच्या टीव्हीला आता भाच्याची स्टिक कायमची लावून दिली आहे (त्याला मी नवी घेऊन दिली, नाहीतर ताईने मला सोडलं नसतं). टीव्ही बदलू या का असं मी विचारलं. ते म्हणाले, "कशाला? आता दिसतंय."

गणपती विसर्जनानंतरच्या गुरुवारी मी मुद्दाम रात्री फोन केला. आईने उचलला. म्हणाली, ते देवळात गेलेत, साडेनऊपर्यंत येतील. मी विचारलं, बॅटरी नेली ना? तर म्हणाली, "नेली, पण लावणार नाहीत. म्हणाले, चांदणं आहे, सगळं दिसतंय."